मतांचे वजन : जॉर्जिया, १९४६



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते आम्हांला नागरिकशास्त्र शिकवीत. निवडणुकीचा निकाल लागला, की कोण जिंकले हे विचारण्याआधी मते मोजली कशी हे विचारा, असा त्यांचा आग्रह असे. आजचा विषय मी त्याच आग्रहाला धरून निवडला आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १९४६ साली झालेली गव्हर्नरपदाची निवडणूक, असा तो विषय.

प्रथम एक खुलासा करतो. आपल्याकडील राज्यपाल नेमला जातो. तिकडील गव्हर्नर लोकांनी निवडलेला असतो आणि त्याचे काम आपल्या मुख्यमंत्र्यासारखे असते. जॉर्जियात त्या काळी रिपब्लिकन पक्ष नावालाच होता. त्यामुळे डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवार ठरविणारी प्राथमिक निवडणूक हीच खरी निवडणूक. नोव्हेंबरातील मतदान हा केवळ उपचार.

या प्राथमिक निवडणुकीत मते सरळ मोजली जात नसत. राज्यात १५९ कौंट्या. कौंटी म्हणजे साधारण आपला तालुका समजा. १९१७ च्या कायद्याने सर्वांत मोठ्या आठ कौंट्यांना प्रत्येकी सहा, पुढच्या तीस कौंट्यांना प्रत्येकी चार आणि उरलेल्या १२१ कौंट्यांना प्रत्येकी दोन ‘युनिट’ मते दिली होती. एकूण ४१०. कौंटीत ज्याला सर्वाधिक मते, त्याला तिची सारी युनिटे. अटलांटा शहर ज्या फुल्टन कौंटीत आहे, तिची लोकसंख्या १९४० मध्येच पावणेचार लाखांवर गेली होती. तिला सहा युनिटे. काही हजार वस्तीच्या तीन खेडवळ कौंट्या एकत्र आल्या, की त्यांचीही सहाच. अटलांटात एखादा उमेदवार हजार मतांनी जिंको वा पन्नास हजारांनी, त्याच्या पदरात पडायचे तेवढेच. लहान कौंटीत मात्र शेरीफ आणि कचेरीतील चार वजनदार माणसे हाताशी धरली, की काम झाले.

यूजीन टॅलमॅज यांनी हे गणित इतरांपेक्षा अधिक चांगले ओळखले होते. लाल गॅलसपट्ट्या लावून शेतकऱ्यांच्या सभा गाजविणारा हा वकील. ज्या गावात ट्राम धावते तेथील मतांची आपल्याला गरज नाही, अशी त्यांची बढाई सांगितली जाई. १९४६ मध्ये त्यांच्यासमोर जेम्स कारमायकेल होते. युद्धकाळात मॅरिएटा येथील विमानांचा कारखाना त्यांनी चालविला होता. तिसरे उमेदवार माजी गव्हर्नर रिव्हर्स.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट घडली होती. केवळ गोऱ्यांसाठी राखलेली प्राथमिक निवडणूक न्यायालयांनी बेकायदा ठरविली. कोलंबस शहरातील प्रायमस किंग या कृष्णवर्णीय नागरिकाने लढविलेल्या खटल्याचा निकाल १९४६ च्या वसंतात कायम झाला आणि लाखाहून अधिक कृष्णवर्णीयांनी मतदारयादीत नावे नोंदविली. टॅलमॅज यांनी प्रचार केला तो हे दार पुन्हा बंद करण्याचा. अनेक कौंट्यांत त्यांच्या समर्थकांनी कृष्णवर्णीय मतदारांच्या नावांवर घाऊक हरकती घेतल्या. टेलर कौंटीत मॅसिओ स्नाइप्स या माजी सैनिकाने १७ जुलैला मत दिले. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यातच तो गेला. आकड्यांकडे वळण्यापूर्वी हे नाव आपण ध्यानात ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

आकडे असे : कारमायकेल ३,१३,३८९, टॅलमॅज २,९७,२४५, रिव्हर्स ६९,४८९. म्हणजे कारमायकेल सोळा हजारांनी पुढे. युनिटे मात्र टॅलमॅज २४२, कारमायकेल १४६, रिव्हर्स २२. टॅलमॅज विजयी!

सारा दोष पद्धतीवर टाकणेही मला पुरेसे वाटत नाही. कारमायकेल यांनाही निम्मी मते नव्हती, आणि रिव्हर्स उभे नसते तर काही कौंट्यांचा कौल बदलला असता, असे मानण्यास जागा आहे. पण ज्याला कमी मते त्याच्या हाती राज्य जाते आणि कायदा त्याला बहुमत म्हणतो, याचे समर्थन मतविभागणीने होत नाही.

पुढचे प्रकरण तर नाटकात शोभावे असे. शपथविधीपूर्वीच, डिसेंबर १९४६ मध्ये, टॅलमॅज वारले. प्रकृती ढासळलेली पाहून त्यांच्या काही समर्थकांनी नोव्हेंबरात मतपत्रिकेवर हाताने त्यांचा मुलगा हर्मन याचे नाव लिहिले होते. विधिमंडळात मोजणी सुरू झाली, तेव्हा हर्मन कमी पडत होते. मग त्यांच्याच टेलफेअर कौंटीतून पन्नासहून अधिक मते ‘सापडली’. अटलांटा जर्नलचे वार्ताहर जॉर्ज गुडविन यांनी शोध घेतला, तेव्हा तेथील मतदारांनी वर्णानुक्रमे रांग लावून मते दिल्याचे दिसले. त्यांत काही मृतही होते. या वृत्तांताला १९४८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. दरम्यान मावळते गव्हर्नर आर्नल, हर्मन टॅलमॅज आणि नवे लेफ्टनंट गव्हर्नर थॉम्पसन असे तिघे एकाच पदावर हक्क सांगू लागले. हर्मनच्या माणसांनी गव्हर्नरच्या दालनाची कुलुपे बदलली, तेव्हा आर्नल विधानभवनातील चौकशीच्या टेबलावर बसून कारभार पाहू लागले. मार्च १९४७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने थॉम्पसन यांच्या बाजूने निर्णय दिला.

युनिट पद्धत मात्र टिकून राहिली. ती मोडण्यास १९६३ उजाडले. ग्रे विरुद्ध सँडर्स या खटल्यात संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने ती रद्द केली. सरकारपक्षाची बाजू ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी स्वतः मांडली होती. न्यायालयासमोरील हिशेब साधा होता : १९६० च्या जनगणनेप्रमाणे एकोल्स कौंटीत एका युनिटमागे ९३८ माणसे, फुल्टनमध्ये ९२,७२१. ‘एक व्यक्ती, एक मत’ हे सूत्र न्यायमूर्ती डग्लस यांच्या या निकालपत्रातून रूढ झाले. आपल्या घटनेने प्रौढ मताधिकार १९५० मध्येच दिला, याचा अभिमान बाळगावा. पण १९७६ च्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या लोकसभा जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठविल्या आणि पुढे ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली, हेही विसरू नये. तेथे कारणे निराळी आहेत, कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांना शिक्षा होऊ नये ही त्यांतली मोठी. प्रश्न मात्र मतांच्या वजनाचाच.

कनिष्ठ न्यायालयाने आधीच मनाई केल्यामुळे १९६२ ची प्राथमिक निवडणूक सरळ मतांवर झाली आणि ऑगस्टाचे कार्ल सँडर्स निवडून आले. त्याच वर्षी राज्याच्या सिनेटसाठी उभा राहिलेला भुईमुगाचा एक व्यापारी क्विटमन कौंटीतील एका केंद्रामुळे हरला. आलेल्या मतदारांपेक्षा पेटीत मतपत्रिका अधिक होत्या, आणि यादीत पुन्हा तीच वर्णानुक्रमाची रांग. त्याने तक्रार केली, निकाल फिरला आणि जानेवारी १९६३ मध्ये तो सिनेटमध्ये जाऊन बसला. त्याचे नाव जिमी कार्टर.