आजारी मासा आणि आजारी पाणी



ज्या व्यासपीठावर राज्यकारभार, साहित्य, धर्म अशा थोर विषयांची चर्चा व्हावयाची, तेथे घरातल्या काचेच्या पेटीतील माशांच्या दुखण्यावर बोलावयाचे, हे कित्येकांस पोरकट वाटेल. परंतु एखाद्या मुक्या जिवाला आपण हौसेने घरात आणले, की त्याच्या दुखण्याखुपण्याची जबाबदारी आपल्यावर येते. गाय आजारी पडली तर हंबरते, कुत्रे विव्हळते. मासा ओरडत नाही. नांदेड, हिंगोली आणि यवतमाळ या तिन्ही बाजूंचे रस्ते जेथे मिळतात, त्या आपल्या वारंगा फाट्यावर प्रवाशाला गरम खिचडी हवी तेव्हा मिळेल. माशांचा वैद्य मिळणे कठीण. तेव्हा रोग ओळखण्याची विद्या पेटीच्या मालकानेच थोडीफार शिकली पाहिजे.

या विद्येचा पहिला धडा असा, की माशाला औषध देण्यापूर्वी पाण्याची नाडी पाहावी.

मासा जेथे राहतो तेथेच खातो, तेथेच श्वास घेतो आणि तेथेच मलविसर्जन करतो. त्याच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया हे जालीम विष आहे. नदीत ते वाहून जाते. पेटीत जाईल कोठे? तेथे काही उपकारक जंतू धावून येतात. ते अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. यांपैकी नायट्राइट विषारीच. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. मातीतले असे जंतू विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखविले. नव्या पेटीत ते पुरेसे वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र रविवारी पेटी आणतो, सोमवारी तीत डझनभर मासे सोडतो, आणि पुढच्या रविवारी ते मरू लागले की दुकानदाराला बोल लावतो! दुसरे गृहस्थ इतके स्वच्छताप्रिय, की गाळणीचा स्पंज नळाखाली खसखसून धुतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्या उपकारक जंतूंनाच मारतो. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा.

आता लक्षणे पाहू. सगळेच मासे एकदम पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागले, तर दोष पाण्याचा समजावा. एकच मासा कोपऱ्यात पर मिटून बसला, तर रोग त्या माशाचा असण्याचा संभव अधिक. चैत्र सरून वैशाख लागला, की आपल्याकडे पहिला प्रकार फार दिसेल. २० अंश सेल्सियसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३५ अंशांवर तो सुमारे ७ मिलिग्रॅमच उरतो. म्हणजे उकाड्यात माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. त्यात वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, की काही तासांत अनर्थ ओढवतो. अशा वेळी औषध शोधू नये. तांब्याने पेटीतलेच पाणी उचलून थोड्या उंचीवरून पुन्हा पेटीत ओतत राहावे, खाणे बंद ठेवावे आणि पाव हिस्सा पाणी बदलावे. बोअरचे पाणी थेट ओतू नये; त्यात प्राणवायू कमी असतो. ते आदल्या रात्री बादलीत काढून उघडे ठेवावे, त्यात हवा खेळवावी.

पाणी निर्दोष ठरले, म्हणजे मग रोगाकडे वळावे. अंगावर मिठाचे खडे शिंपडावेत तसे पांढरे ठिपके दिसले, आणि मासा दगडांना अंग घासू लागला, तर तो ‘पांढरे ठिपके’ नावाचाच रोग. फुके या फ्रेंच संशोधकाने १८७६ मध्ये त्याच्या सूक्ष्म जंतूस शास्त्रीय नाव दिले. हा जंतू माशाच्या त्वचेखाली दडलेला असतो, तोवर पाण्यातले औषध त्याला लागत नाही. पुढे तो गळून तळाशी जातो, एकाची शेकडो पिल्ले होतात, आणि ती नवा मासा शोधत पोहू लागतात, तेव्हाच ती मरतात. २५ अंशांच्या आसपास हे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते. थंडीत त्याला कित्येक आठवडे लागतात. म्हणून ठिपके गेले की औषध थांबविणे, ही मोठी चूक होय. लिटरमागे दोन ग्रॅम साधे मीठ, एकदम न घालता दोन दिवसांत थोडे थोडे विरघळवून, ठिपके गेल्यावरही आठवडाभर ठेवले तर पुष्कळदा काम भागते. बिनखवल्यांच्या माशांना मात्र मीठ बेताने.

पर कुरतडल्यासारखे झाले, तर मूळ बहुधा घाणेरड्या पाण्यात असते. पोट फुगून खवले अननसासारखे उभे राहिले, तर आतले अवयव निकामी होत आलेले असतात. तो मासा वेगळ्या भांड्यात ठेवावा, पण फार आशा धरू नये.

आणि एक कळकळीची विनंती. घरात उरलेली अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून पेटीत टाकू नका. तिने उपकारक जंतू मरतात, आणि जे रोगजंतू वाचतात ते औषधाला न जुमानणारे होतात. हाताला जखम असेल, तर पेटीत हात घालू नका. माशांचा एक क्षयवर्गीय जंतू माणसाच्या त्वचेलाही बाधतो. मेलेला मासा व त्याचे पाणी ओढ्यात टाकू नका. १९८८ साली ईशान्य भारतात माशांच्या अंगावर व्रण पाडणारी साथ शिरली आणि पुढे देशभर पसरली. आपल्या आवडत्या मरळ माशालाही तिने ग्रासले. अशा रोगांना पाण्याची वाट पुरते. कयाधू, पैनगंगेच्या काठी मासेमारीवर पोट भरणारी कुटुंबे आहेत. आपल्या हौसेचा उपद्रव त्यांच्या जाळ्यापर्यंत जाता कामा नये. मेलेला मासा खोल पुरावा. पेटीचे पाणी झाडाला घालावे, मात्र त्यात मीठ वा औषध नसेल तरच.

रोज सकाळी खाणे टाकताना दोन मिनिटे थांबून मासे मोजा, त्यांचे पोहणे पाहा. जो रोज पाहतो, त्याला बिघाड पहिल्या दिवशी कळतो. जो पाहत नाही, त्याला तो मासा उलटा तरंगू लागल्यावरच कळतो. घरातल्या मुलांना हे पाहण्याचे काम द्या. न बोलणाऱ्याचे दुखणे ओळखण्याची सवय त्यांना पुढे माणसांतही उपयोगी पडेल.