सरासरीभोवतीची पांगापांग

(दिल्लीतील मराठी मंडळींच्या वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान. सभेतील काही प्रसंग छपाईतही तसेच ठेवले आहेत.)

संशोधनासाठी गोळा केलेल्या आकड्यांचा ढीग मोजक्या मापांत मांडून त्याचे रूप ध्यानी आणून देणारी जी शाखा, तिला वर्णनात्मक संख्याशास्त्र म्हणतात. तिची मापे दोन जातींची असतात: आकडे कोणत्या ठिकाणाभोवती जमतात हे सांगणारी सरासरी, मध्यक आणि बहुलक ही एक जात, आणि त्या ठिकाणापासून ते किती पांगले आहेत हे सांगणारी विस्तार, चतुर्थक विचलन, प्रमाण विचलन ही दुसरी. पहिली जात शालेय गणितात होऊन गेल्यामुळे तिची उजळणी येथे केलेली नाही. (मागील रांगेतून: “केली तरी चालेल!” हशा.) या व्याख्यानाचा आग्रह एवढाच आहे की पांगापांग सांगितल्यावाचून सांगितलेली सरासरी ही अर्धवट माहिती असते, आणि अर्धवट माहितीवर सरकारी धोरण उभे राहिले की तिची किंमत माणसे मोजतात.

एका गावातील पाच शेतांचे एकरी उत्पन्न ९, १०, १०, १०, ११ क्विंटल आणि दुसऱ्या गावातील पाच शेतांचे २, ४, १०, १६, १८ क्विंटल असेल, तर सरासरी दोन्हीकडे १० येते आणि मध्यकही १०च येतो. परंतु प्रत्येक आकड्याचे सरासरीपासूनचे अंतर काढून, त्याचा वर्ग करून, त्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ घेतले, म्हणजे प्रमाण विचलन काढले, की ते पहिल्या गावात ०.६३ आणि दुसऱ्यात ६.३२, म्हणजे बरोबर दहापट निघते. दुसऱ्या गावातील दोन घरे सावकाराच्या दारात उभी असताना तक्त्यात दोन्ही गावे जुळी भावंडे दिसतात.

दिल्लीकर मराठी माणसाने हा विषय परका मानण्याचे कारण नाही, कारण त्याचा एक मोठा अध्याय पुसा येथील कृषी संशोधनाच्या आवारात लिहिला गेला. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनहून डॉक्टरेट घेऊन परतले आणि १९४०च्या सुमारास भारतीय कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. त्यांनी तेथे वाढवलेल्या विभागातूनच आजची कृषी सांख्यिकी संशोधन संस्था उभी राहिली, आणि विनायक गोविंद पानसे यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेले शेतकी संशोधकांसाठीचे पाठ्यपुस्तक पुढे कित्येक पिढ्यांनी वापरले. सुखात्मे यांच्या कामापूर्वी पिकाचा अंदाज बहुधा नजरेने बांधला जाई. तलाठ्याने शेतावरून नजर फिरवून पीक किती आणे आले ते ठरवायचे, हीच ती आणेवारी, जी नाणी बदलल्यावर पैसेवारी झाली. तिच्याऐवजी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दैवयोगाने शेते निवडावीत, शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखावा, तो कापून, मळून, तोलून त्यावरून उत्पन्न काढावे, या पद्धतीस पीक कापणी प्रयोग म्हणतात.

हा तुकडा केवढा असावा, यावर चाळीसच्या दशकात मोठा वाद झाला. कोलकात्याचे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता, कारण ते स्वस्तात आणि झटपट कापता येतात. सुखात्मे यांनी १९४६ साली ‘नेचर’ या नियतकालिकातून असे दाखवले की लहान तुकड्यांवरून उत्पन्न वाजवीपेक्षा जास्त येते. त्यामागचे कारण बांधावर उभे राहिल्यावाचून कळत नाही. खुंटी ठोकून दोरीने वर्तुळ आखले की काही ताटे नेमकी रेषेवर येतात, त्यांचे बूड बाहेर आणि कणीस आत झुकलेले असते, आणि भरलेले कणीस समोर असताना विळा हातात धरलेला माणूस ते सोडून देत नाही. समजा, असा लोभ सगळीकडून दोन इंचांचा झाला. २ फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र त्यामुळे सुमारे १७ टक्क्यांनी फुगते, ४ फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे साडेआठ टक्क्यांनी, आणि परिषदेच्या प्रयोगांतील ३३ फूट गुणिले साडेसोळा फूट आयताचे, म्हणजे एक ऐंशीअंश एकराचे, केवळ तीन टक्क्यांनी. तुकडा जितका लहान, तितका क्षेत्राच्या मानाने त्याचा काठ लांब, आणि चूक राहते ती काठावर. देशात धान्याची टंचाई असताना उत्पन्न एवढे फुगवून सांगणे म्हणजे नसलेले धान्य कोठारात मोजणे होय. ही चूक नेहमी एकाच दिशेने होत असल्यामुळे हजार जादा वर्तुळे कापूनही ती जात नाही, आणि हेही कबूल केले पाहिजे की ती प्रमाण विचलनातही दिसत नाही. निरनिराळ्या आकारांचे तुकडे एकाच शेतात शेजारी शेजारी कापून ताडून पाहिले, तेव्हाच ती उघडी पडली.

(येथे कोलकात्यास शिकलेल्या एका श्रोत्याने, महालनोबिस यांच्यावर हा अन्याय होत असल्याचे उभे राहून सांगितले.) आक्षेप रास्त आहे. सुखात्मे महसूल खात्याच्या नोकरांवर विसंबत, तर महालनोबिस यांनी स्वतःची शिकवून तयार केलेली माणसे शेतात उतरवली होती, आणि अशा हातांकडून काठावरची चूक कमी होते हे मानावे लागते. तथापि प्रत्येक जिल्ह्यात अशी माणसे कोठून आणावयाची, हा प्रश्न त्या उत्तराने सुटत नाही. (अध्यक्षांची पहिली चिठ्ठी: “वीस मिनिटे.”)

व्याख्यानाचा मुख्य भाग खरे तर भुकेचा होता आणि तो आता आवरता घेणे भाग आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्यावरील अभ्यासात माणशी दररोज २२५० कॅलरींचा दंडक धरला, आणि १९६०-६१च्या आकड्यांवरून ग्रामीण भागातील मोठ्या हिश्शाला व शहरांतील सुमारे निम्म्या लोकांना तेवढेही मिळत नाही असा निष्कर्ष काढला. रोमच्या अन्न व शेती संघटनेतून निवृत्त होऊन पुण्यात आलेल्या सुखात्मे यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. गरज माणसागणिक आणि एकाच माणसाची दिवसागणिक बदलते. मग प्रत्येकाने आपल्या गरजेइतकेच खाल्ले, कोणीही उपाशी राहिला नाही, तरी सरासरी गरजेखाली खाणारे जवळजवळ निम्मे निघतीलच, त्या सर्वांना भुकेले म्हणावयाचे काय? म्हणून रेषा सरासरीवर न ओढता तिच्या खाली दोन प्रमाण विचलने ओढावी, असा त्यांचा पक्ष होता. विचलन सरासरीच्या १५ टक्के धरले तर ही रेषा सरासरीच्या ७० टक्क्यांवर येते, आणि भुकेल्यांची संख्या कागदावर झपाट्याने घटते.

प्रस्तुत वक्त्याचा कल सुखात्मे यांच्याकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. (“ते केव्हाच कळले!” हशा.) परंतु दांडेकरांचे उत्तरही पोकळ नव्हते. त्यांचे म्हणणे असे की दारिद्र्याची रेषा एकेका माणसाला लावलेली नसून खर्चाच्या एकेका गटाला लावलेली आहे, आणि गटाची सरासरी काढताना कोणाची गरज जास्त, कोणाची कमी, हे भेद एकमेकांना फेडून टाकतात. याला समाधानकारक तोड सुखात्मे पक्षाकडून मिळाली असे म्हणवत नाही. शिवाय दिल्लीत राहून काम करणारे पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी निराळाच मुद्दा मांडला: शरीर कमी अन्नावर निभावून नेते, त्याला निरोगी जुळवणी म्हणावे की वाढ खुरटवून केलेली काटकसर? प्रमाण विचलनात निभावून नेलेली उपासमारही मिसळलेली असू शकते, आणि सूत्र ती वेगळी काढून देत नाही. सुखात्मे आणि दांडेकर या दोन पुणेकरांमधला वाद वर्षानुवर्षे चालला. (दुसरी चिठ्ठी. शेजारच्या खोलीत तबला लावण्यास आरंभ.)

दारिद्र्यरेषा नव्याने ठरवणाऱ्या तेंडुलकर समितीचा उल्लेख मात्र टाळता येत नाही, कारण दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील सुरेश तेंडुलकर यांना ओळखणारी मंडळी या सभागृहात आहेत. समितीने २००९च्या अहवालात कॅलरींचा खुंटा सोडला आणि २००४-०५साठी देशातील ३७.२ टक्के लोक गरीब ठरवले. पुढे २०११ साली नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी माणशी दिवसाला ३२ आणि खेड्यासाठी २६ रुपये अशी रेषा सांगितली, तेव्हा गदारोळ झाला तो रेषा फार खाली असल्याबद्दल. त्या रेषेच्या खाली-वर पाच-पाच रुपयांच्या पट्टीत किती कोटी लोक दाटीने उभे आहेत, हे विचारण्याचे मात्र बहुतेकांच्या मनात आले नाही. तो आलेख फळ्यावर काढावयाचा होता, पण अध्यक्ष उभे राहिले आहेत, आणि चतुर्थक राहिलेच.