जाब एकट्याला, आधार कुणाचा?

१२ मार्च २०१७. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला. मेंदूचे शल्यचिकित्सक तिथे उपलब्ध नव्हते. अस्थिरोग विभागाच्या निवासी डॉक्टरनं नातेवाइकांना तसं सांगितलं, रुग्णाला दुसरीकडे न्यायला सुचवलं. जमावानं त्याला इतकं बडवलं की डोळ्याला गंभीर इजा झाली. मग राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयात पोचलं, सुरक्षारक्षकांची आश्वासनं मिळाली. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा तर २०१० पासून होताच.

मला सलतं ते वेगळंच. तज्ज्ञ आणणं त्या पोराच्या हातात नव्हतं, जाब मात्र त्यालाच द्यावा लागला. रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकी अभ्यासकानं १९७९ मध्ये नोकरीतल्या ताणाचं हेच मूळ सांगितलं: कामाचा रेटा मोठा, अधिकार तोकडा. पुढच्या अभ्यासकांनी त्यात सहकाऱ्यांच्या आधाराची भर घातली. तो नसला की हाच ताण माणसाला खातो.

चोपडा, यावल, शिरपूरकडच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर आशाताईची गत निराळी नाही. अडलेल्या बाईला घेऊन ती रात्री निघते. गाडी उशिरा आली, तर बोलणी तिलाच. आणि ती सरकारी नोकर नव्हे, कामागणिक मोबदला घेणारी स्वयंसेविका!

ताणाला तोंड द्यायच्या दोन तऱ्हा: परिस्थिती बदला, नाहीतर मनाला समजवा. आपल्याकडे कार्यशाळा होतात त्या बहुतेक दुसऱ्या तऱ्हेच्या. प्राणायामाला माझा विरोध नाही. मन फारच जड झालं तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांकही जरूर फिरवावा. पण नाईटला पूर्ण वॉर्ड एका सिस्टरवर सोडायचा आणि सकाळी तिला दीर्घ श्वास घ्यायला सांगायचं, हे मला पटत नाही.

मग परिस्थिती बदलायची कशी? वाईट बातमी एकट्या ज्युनिअरनं, तीही कॅज्युअल्टीच्या दारात, सांगू नये. सोबत सीनिअर हवा, बसायला खोली हवी. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. नातेवाइकांशी बोलणं, त्यांना वाट दाखवणं हे त्यांच्या कामातलंच. रात्री दोन वाजता त्यांच्या जागी कोण असतं, हे रुग्णालयाच्या बैठकीत विचारून बघा.