तत्त्वज्ञान घेऊन काय करणार?



मी मॅट्रिक. गोदीत माल वाहतो, पाळी सुटली की कविता लिहितो. कॉलेजातल्या पोरापोरींपुढं विद्यापीठाच्या शिक्षणावर बोलायला मला उभं केलंय. पण गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा फॉर्म भरायला गेलो, ते डोक्यातून जात नाही.

तिला तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र दोन्ही पायजेत. खिडकीतला कारकून म्हणाला, "दोन्हीचे तास एकाच वेळी आहेत. जोडी बसत नाही. आणि तत्त्वज्ञान घेऊन काय करणार? राज्यशास्त्र घे, स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल." रांगेत आपलाच एक कार्यकर्ता होता. तोही हसला. "बरोबर आहे. तत्त्वज्ञान त्यांचं. आपल्याला लढायचंय."

कारकुनाचं सोडा. माझं भांडण या कार्यकर्त्याशी आहे.

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र. तेवढं करून मोकळं होता आलं असतं. पण तीन वर्षांत घेतलं काय? अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. जन्माचा उपाशी माणूस ताटात असंच वाढून घेतो. तिथं तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई होते. लोकशाही म्हणजे नुसती राज्यकारभाराची तऱ्हा नव्हे, माणसांनी एकमेकांत मिसळून जगायची रीत, असं त्यांचं म्हणणं. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांचं भाषण रद्द केलं, त्यांनी ते स्वतः छापलं. त्यात हा विचार नेऊन थेट जातीवर आदळला, आणि ड्यूई आपले गुरू, त्यांचं ऋण मोठं, हेही लिहिलं.

आता गोदीत या. युनियनच्या मोर्चात आम्ही सगळे एक. घोषणा एक, झेंडा एक. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की घोळके वेगळे. हे का, असं नुसतं राज्यशास्त्र विचारत नाही; ते मतं मोजतं, खुर्च्या मोजतं. नुसतं तत्त्वज्ञानही विचारत नाही. सगळ्यांत एकच ब्रह्म म्हणणाऱ्यांनी पाणवठा वेगळाच ठेवला ना?

१९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला शिकायला गेले. त्याच साली तिकडं ऑक्सफर्डनं तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र अशी एकत्र पदवी काढली. जुन्या मानाच्या अभ्यासात ग्रीक-लॅटिन ग्रंथ, हिच्यात त्यांची सक्ती नाही. (शाळेत बाबासाहेबांना संस्कृत शिकू दिलं नव्हतं, फारसी घ्यावी लागली, हे इथं आठवतंच.) पुढं विल्सनपासून सुनकपर्यंत ब्रिटनचे कितीतरी पंतप्रधान ही पदवी घेऊन निघाले. राज्य करणाऱ्यांच्या पोरांना दोन्ही एकत्र लागतं. आमच्या पोरीला मात्र यातलं एक निवड म्हणायचं!

आई म्हणाली, "तिला काय पायजे ते घेऊ दे. तुझ्या हाडाचा पैसा हाय, कारकुनाचा नाय."

बहिणीनं फॉर्मवर दोन्ही विषय लिहिले. तो परत आला. पुन्हा तसाच भरलाय. शनिवार शेवटची तारीख. माझी दुसरी पाळी आहे, सकाळ मोकळी. तासांची वेळ बदला, असा अर्ज सोबत द्यायचाय. त्यावर सह्या पायजेत. नऊ वाजता कॉलेजच्या दारात या. तो हसणारा कार्यकर्ता मागं बसलाय, त्यानंही यावं.