चित्रपटाची वाट पाहणाऱ्यांनी करावयाचे काम

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



शेतीची व घरची कामे बाजूला ठेवून, कोणी आसनगावच्या गाडीने, कोणी सरळगाव-टोकावड्याकडून एस. टी.ने, तर कोणी पायी चालत आपण येथे जमला आहात. तेव्हा आपला वेळ व्यर्थ जाऊ नये, ही जबाबदारी माझी आहे. मी आज चित्रपटाविषयी बोलणार आहे. हे ऐकून वडीलधाऱ्या मंडळींना वाटेल, की शिक्षण आहे, हक्क आहेत, धम्माचे आचरण आहे. हे सर्व सोडून याला करमणुकीचा विषय कोठून सुचला? परंतु ज्या घरात सायंकाळी पुस्तक उघडले जात नाही, त्या घरातही चित्रपट पाहिला जातो. ज्या मुलास त्याच्या आजोबांची हकीकत घरात कोणी सांगितली नाही, तो मुलगा ती पडद्यावरून शिकतो. मग पडद्यावर ती कोण लिहितो व कशाच्या आधाराने लिहितो, हा प्रश्न करमणुकीचा राहत नाही. तो आपल्या इतिहासाचा प्रश्न होतो.

आपल्या महापुरुषांवर चित्रपट निघणार अशी वार्ता आली, की आपल्या वस्त्यांत काय घडते ते आपण जाणता. २०२५ च्या एप्रिलमधील गोष्ट घ्या. जोतीराव व सावित्रीबाई यांच्या जीवनावरील ‘फुले’ हा हिंदी चित्रपट ११ एप्रिलला, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीदिनी, प्रदर्शित व्हावयाचा होता. तरुण मंडळी दिवस मोजीत होती. प्रतीक गांधी जोतीरावांसारखे दिसतात काय, पत्रलेखा सावित्रीबाईंच्या वेषात कशा शोभतात, याच्या चर्चा मोबाईलवर चालल्या होत्या. परंतु हा चित्रपट लिहिला कोणी, असे विचारणारा मला क्वचितच भेटला. अनंत महादेवन आणि मुअज्जम बेग ही लेखकांची नावे किती जणांना ठाऊक होती?

पुढे काय झाले? चित्रपटावर आक्षेप घेतले गेले. प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाने काही बदल करावयास सांगितले, आणि चित्रपट दोन आठवड्यांनी, २५ एप्रिलला, लोकांपुढे आला. हे बदल कशात होते, याचा विचार करा. वेषभूषा किंवा गाणी यांविषयी वाद नव्हता. वाद शब्दांचा होता. ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द खटकले. गुलामगिरीच्या वर्षांचा जो आकडा संवादात होता, त्याच्या जागी ‘कित्येक वर्षे’ अशा अर्थाचे मोघम शब्द घालावयास सांगितले गेले. म्हणजे ज्यांना आक्षेप घ्यावयाचा होता, त्यांनी नटाकडे पाहिले नाही. त्यांनी थेट लेखकाच्या शब्दावर बोट ठेवले. त्यांना जे कळले, ते आपणांस का कळू नये?

जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’ मध्ये छापला गेला. तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. तिने लिहिले, ते छापले गेले, म्हणून आज कोणी कितीही शब्द पुसावयास सांगितले तरी ते दुःख पुसले जात नाही. जे कागदावर उतरले ते टिकले. जे केवळ मनात राहिले ते मनाबरोबर गेले. आज मला जे सांगावयाचे आहे त्याचे सार हेच आहे.

चित्रपटाचे महत्त्व बाबासाहेबांनीही जाणले होते. आचार्य अत्रे यांनी १९५४ साली ‘महात्मा फुले’ हा बोलपट काढला. लेखन, निर्मिती, दिग्दर्शन या तिन्ही बाजू त्यांनीच सांभाळल्या. बाबूराव पेंढारकर जोतीराव झाले, सुलोचनाबाई सावित्रीबाई झाल्या. त्या बोलपटाच्या मुहूर्तास बाबासाहेब स्वतः उपस्थित राहिले. ज्या जोतीरावांना त्यांनी आपल्या तीन गुरूंत स्थान दिले आणि ज्यांना १९४६ साली आपला शूद्रांविषयीचा ग्रंथ अर्पण केला, त्या गुरूचे चरित्र पडद्यावर येत आहे, यास त्यांनी क्षुल्लक मानले नाही. या बोलपटास पुढे राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले.

आता खुद्द बाबासाहेबांवरील चित्रपटाकडे वळू. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला तो चित्रपट १९९१ च्या जन्मशताब्दीनंतर आपल्या लोकांनी कित्येक वर्षे वाट पाहून मिळविला. केंद्र सरकार आणि महाराष्ट्र सरकार या दोघांनी त्यास पैसा दिला. मामुट्टी या मल्याळी नटाने बाबासाहेबांची भूमिका केली. १९९८ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांना उत्कृष्ट अभिनयाचा पुरस्कार मिळाला, आणि उत्कृष्ट इंग्रजी चित्रपट म्हणून त्या चित्रपटाचाही गौरव झाला. तरीही सर्वसामान्यांसाठी तो प्रदर्शित व्हावयास डिसेंबर २००० उजाडावा लागला.

मामुट्टींचे नाव आपल्यातील लहान मुलेही सांगतात. परंतु त्या चित्रपटाच्या लेखकांत तीन नावे आहेत: सुनी तारापोरवाला, अरुण साधू आणि दया पवार. यांपैकी दया पवार हे आपल्या शेजारचे होते, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? शहापूर-मुरबाडच्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी आहे. आजोबाचा डोंगर आहे, हरिश्चंद्रगड आहे. ती भिंत ओलांडली की पलीकडे अकोले तालुका लागतो. तो तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. त्या तालुक्यातील धामणगाव हे दया पवारांचे गाव. आपल्या आजोबांनी जे भोगले, तेच डोंगराच्या पलीकडे त्यांच्या माणसांनी भोगले.

१९७८ साली दया पवारांनी ‘बलुतं’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले. गावकीची कामे, त्याबदली मिळणारा धान्याचा वाटा, महारवाड्यातील भूक आणि अपमान हे सर्व त्यांनी न झाकता लिहिले. तेव्हा दुसऱ्या कोणी नव्हे, तर आपल्यातीलच काही सुशिक्षितांनी नाके मुरडली. ‘आम्ही ते सर्व सोडून दिले आहे, आता ते चव्हाट्यावर कशाला आणावयाचे?’ असा त्यांचा रोख होता.

बंधूंनो, हा प्रश्न मी तुमच्यापुढे मुद्दाम ठेवतो, कारण तो तुमच्या घरात रोज उभा राहतो. ज्या कुटुंबांनी अलीकडे धम्मदीक्षा घेतली, त्यांना जुनी ओळख टाकून नव्या वाटेने चालावयाचे आहे. ते योग्यच आहे. परंतु टाकणे आणि लपविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जो मनुष्य जुने जिणे टाकतो, तो ‘मी हे का टाकले’ हे मुलास सांगू शकतो. जो लपवितो, त्याच्या मुलास एवढेच कळते, की बापाजवळ काही लाजिरवाणे आहे. लाज कोणाची? ज्याला पाण्यावाचून ठेवले त्याची, की ज्याने ठेवले त्याची? २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हाच या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे. मग आपण अजून मान खाली का घालावी?

दया पवार २० डिसेंबर १९९६ रोजी गेले. ज्या चित्रपटासाठी त्यांनी लेखणी झिजविली, तो लोकांपुढे आलेला त्यांना पाहावयास मिळाला नाही. वाट पाहणाऱ्यांत लेखकही असतो, आणि कधीकधी तो चित्रपट येण्यापूर्वीच निघून जातो. परंतु त्याचे काम राहते.

आता पटकथा लिहिणाऱ्याची अडचण समजून घ्या. बाबासाहेबांचे आयुष्य १८९१ ते १९५६, म्हणजे पासष्ट वर्षांचे. ते त्याला सुमारे तीन तासांत बसवावयाचे असते. महाड घ्यावे तर किती घ्यावे? काळाराम मंदिराचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, पुणे करार, रमाईंचे कष्ट, संविधान, नागपूरची दीक्षा, यांतील काय ठेवावे आणि काय गाळावे? प्रत्येक प्रसंग ठेवताना दुसरा गळतो. लेखक प्रामाणिक असला तरी त्याच्या हाती जो कागद आहे, त्यावरूनच तो निवड करणार. चांगदेव खैरमोडे यांनी आयुष्य वेचून बाबासाहेबांचे चरित्र अनेक खंडांत सिद्ध केले, धनंजय कीर यांनी १९५४ साली इंग्रजीत चरित्र लिहिले, महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांची भाषणे व लेखन खंडशः प्रसिद्ध केले. म्हणून बाबासाहेबांचे चरित्र पडद्यावर आणणे शक्य झाले. परंतु महाडला, नाशिकला, नागपूरला जी सामान्य माणसे गेली, भाकरी बांधून चालत गेली, परत आल्यावर ज्यांच्यावर गावाने बहिष्कार टाकला, त्यांची हकीकत कोणत्या खंडात आहे? ती आपल्या ओटीवर बसलेल्या आजीजवळ आहे. ती कोणी लिहून घेतली नाही, तर लेखक ती कल्पनेने भरील किंवा गाळून टाकील. आणि तेव्हा त्याला दोष देण्याचा अधिकार आपणांस राहणार नाही.

भातसा, तानसा आणि मोडकसागर यांचे पाणी आपल्या शहापूर तालुक्यातून मुंबईस जाते, आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवरील स्त्रिया टँकरची वाट पाहत हंडे घेऊन उभ्या राहतात, हे आपण डोळ्यांनी पाहतो. कथांचेही असेच होते. कष्ट आपल्या गावांचे. परंतु त्यांची कथा मुंबईत लिहिली जाते, तेथेच तिचा चित्रपट होतो, आणि मग आपण तिकीट काढून तीच कथा पाहावयास जातो. तिकीट काढावयास माझी हरकत नाही. परंतु कथेचा झरा आपला आहे, याचे भान असावे आणि त्यावर आपलाही हक्क सांगता यावा, इतकेच माझे म्हणणे आहे.

तेव्हा पुढील चित्रपटाची वार्ता येईल तेव्हा केवळ दिवस मोजीत बसू नका. तीन कामे करा.

पहिले काम घरात करावयाचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जो मुलगा दहा वर्षांचा होता, तो आज ऐंशीच्या घरात आहे. अशी माणसे प्रत्येक गावात आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींनी वही घेऊन त्यांच्यापुढे बसावे. आपल्या गावात दीक्षेची वार्ता कशी आली? देव्हाऱ्यातील देव कोणी उचलले? गावकीचे कोणते काम प्रथम नाकारले आणि त्यावर गाव काय म्हणाले? पाणी कोठून आणीत होतो? १९५८ च्या कायद्याने वतने गेली, तेव्हा वतनाच्या जमिनीचे काय झाले? हे विचारावे. सांगणाऱ्याचे नाव, वय आणि गाव लिहावे. त्याने स्वतः पाहिलेले वेगळे व ऐकलेले वेगळे लिहावे. पदरचे काही घालू नये. आपली बाजू खरी आहे. तिला अतिशयोक्तीची गरज नाही.

दुसरे काम वाचनाचे. चित्रपट पाहण्यापूर्वी त्या व्यक्तीचे चरित्र निदान एकदा वाचावे. म्हणजे पाहून आल्यावर ‘रडू आले’ किंवा ‘गाणी चांगली होती’ एवढेच सांगून आपण थांबणार नाही. काय दाखविले, काय गाळले आणि का गाळले, याची चर्चा विहारात व्हावी. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना मुलींनी वाचून दाखवावे.

तिसरे काम चित्रपट लोकांपर्यंत नेण्याचे. चित्रपट तयार झाला म्हणजे तो आपोआप सर्वांपर्यंत जातो, असे समजू नका. बाबासाहेबांवरील चित्रपट मुळात इंग्रजीत होता. ज्यांच्या मुक्तीची ती कथा, त्यांतील बहुसंख्यांना ती भाषा कळत नव्हती. तमिळ भाषेतील त्याच चित्रपटासाठी तेथील लोकांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, आणि २०१० च्या डिसेंबरमध्ये तो तेथे लागला. म्हणजे मूळ चित्रपटानंतर दहा वर्षांनी! चित्रपटगृहाचा मालक पहिल्या तीन-चार दिवसांची गर्दी पाहून खेळ ठेवतो अथवा उतरवितो. म्हणून जावयाचे तर पहिल्या दिवसांत जा, कुटुंबासह जा. कसारा-खर्डीकडील किंवा म्हसा-धसईकडील ज्या कुटुंबांना जाणे परवडत नाही, त्यांच्या प्रवासाची सोय गावाने वर्गणीतून करावी. चोरून उतरविलेली प्रत मोबाईलवर पाहू नये. आपल्या कथेवर पैसा लावणाऱ्याचे नुकसान आपणच केले, तर दुसरा कोण ती कथा हाती घेईल?

शेवटी एकच सांगतो. जोतीरावांचा बोलपट अत्र्यांनी लिहिला, बाबासाहेबांच्या चित्रपटात दया पवारांची लेखणी होती. पुढील चित्रपट कोण लिहील? मुरबाडच्या एखाद्या वस्तीतील जी मुलगी आज वही घेऊन आजीपुढे बसेल, ती का लिहिणार नाही? मुक्ता साळवे चौदाव्या वर्षी लिहू शकली. आपल्या मुलींना आज शाळा आहे, वही आहे, दिवा आहे. त्यांना आजीजवळ बसावयास वेळ द्या आणि आजीला बोलावयास धीर द्या. आजी ऐंशी वर्षांची आहे. चित्रपट दोन आठवडे उशिरा आला तरी चालेल. हे काम मात्र उशिरा झाले तर ते कायमचे राहील.

जय भीम!