संगणकाच्या तात्पुरत्या फायली

संगणकाच्या तात्पुरत्या फायली एसएसडीवरून जुन्या हार्ड डिस्कवर हलवाव्या, म्हणजे एसएसडी झिजत नाहीं, असें पुष्कळजण सांगतात. फ्लॅश स्मृतीचा प्रत्येक भाग ठराविक वेळांच पुसतां येतो, हें खरें. चुंबकीय तबकडीस ती मर्यादा नाहीं. परंतु २५० गीगाबाइटच्या कित्येक एसएसडींना १५० टेराबाइट लेखनाची हमी असते. रोज २० गीगाबाइट लिहिलें तरी २० वर्षें! उलट फायली हलवितांच काम मंदावतें. नित्य चित्रफिती जोडणाऱ्यानें हा खटाटोप खुशाल करावा. परभणीच्या गृहस्थानें मात्र मे महिन्याची धास्ती अधिक धरावी. पारा चाळिसांपलीकडे जातो, आणि झिजलेली एसएसडी महिनोन्महिने बंद राहिल्यास तींतील विद्युद्भार उष्णतेनें लौकर गळतो. घरच्या छायाचित्रांची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी.