ऑनलाइन लिलाव आणि मंदीचे महिने
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मंदी हा शब्द आपल्या पेढ्यांना नवा नाही. पावसाळ्यात वाटा बंद होत, खेड्यातले गिऱ्हाईक पेरणीत गुंतलेले असे. आपले वाडवडील त्या दिवसांत जुनी येणी तपासत, वखार झाडून घेत. आज समाजातील काही तरुण घरबसल्या संगणकावरून लिलावाने माल विकतात आणि त्यांचे गिऱ्हाईक अमेरिकेत किंवा इंग्लंडात असते. पेढीचे रूप पालटले, मंदी मात्र चुकली नाही. जून ते ऑगस्ट हा तिकडचा उन्हाळा. शाळांना सुट्ट्या, कुटुंबे प्रवासाला गेलेली, रात्री उशिरापर्यंत उजेड. अशा वेळी लिलाव पाहत कोण बसणार? योगायोग असा की आपला चातुर्मासही याच सुमारास सुरू होतो.

या मंदीचे मर्म लिलावाच्या रीतीत दडलेले आहे. ईबे हे संकेतस्थळ १९९५ साली अमेरिकेत सुरू झाले. तेथे खरेदीदार आपली कमाल बोली गुप्तपणे नोंदवून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवते. समजा, एका पितळी अडकित्त्यासाठी एकाची तयारी ८० डॉलरची आहे आणि दुसऱ्याची ७५ डॉलरची. सौदा ७६ डॉलरच्या आसपास तुटतो. दुसरा खरेदीदार सुट्टीवर गेला, तर तोच अडकित्ता तोच मनुष्य आरंभीच्या किमतीला, समजा १० डॉलरला, घेऊन जातो. वस्तूचे मोल घटलेले नसते. किंमत ठरवणारा दुसरा मनुष्य तेवढा गैरहजर असतो.

एवढे ध्यानात आले की पुष्कळशी घबराट ओसरते. एकमेव, जपलेली वस्तू मंदीत लिलावाला काढू नये. ती निश्चित किमतीला मांडावी किंवा राखून ठेवावी. एकसारख्या चार वस्तू एकाच आठवड्यात मांडल्या, तर मुळातच थोडे असलेले बोलीदार आपणच विभागतो. ऑस्ट्रेलियात त्या वेळी हिवाळा असतो, लोक घरात असतात. तिकडे माल पाठवण्याची तयारी ठेवावी. लिलाव संपण्याची वेळही गिऱ्हाइकाच्या सोयीने ठरवावी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात रविवारी सायंकाळी सात वाजतात, तेव्हा आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेसात झालेले असतात. पूजेच्या वेळी भ्रमणध्वनी घरी राहिला तरी बिघडत नाही. त्या घटकेला विक्रेत्याचे काही काम नसते.

रिकाम्या महिन्यांत मालाची छायाचित्रे काढावीत, वजन-मापे पुन्हा घ्यावीत. दुसऱ्यांचा हात आखडलेला असतो, तेव्हा खरेदीही स्वस्तात होते. पण ती उसन्या पैशाने करू नये. घरखर्चाचा अंदाज दिवाळीच्या विक्रीवरून न बांधता जुलैच्या विक्रीवरून बांधावा. परिग्रहपरिमाण व्रताचा व्यवहारातला इतका रोकडा उपयोग दुसरीकडे क्वचितच सापडेल.

प्रत्येक मंदी ऋतूची नसते, हेही सांगितले पाहिजे. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना अमेरिकेत असलेली जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. त्याच सुमारास भारतीय टपाल खात्याची अमेरिकेकडील पार्सलसेवा काही आठवडे थांबली होती. अशा वेळी ‘पाऊस सरला की विक्री वाढेल’ म्हणत बसणे व्यर्थ होय. मागील दोन-तीन वर्षांच्या त्याच महिन्याशी तुलना करावी, म्हणजे घट ऋतूची की अन्य कारणाची हे कळते.

आता अवघड गोष्टीकडे वळतो. मंदीत उत्पन्न घटते, त्याहून भयंकर म्हणजे मनाचा तोल जातो. दुसरा बोलीदार नाही, मग तो आपणच निर्माण करावा असा मोह होतो. मित्राच्या किंवा मेहुण्याच्या नावाने आपल्याच मालावर बोली लावली जाते. संकेतस्थळाच्या नियमांत हे निषिद्ध आहेच. परंतु आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले, त्यांत खोटी मापे आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सल म्हणून नक्कल विकणे, हेही आहेत. खोटा बोलीदार ही अस्सल गिऱ्हाइकाची नक्कलच नव्हे काय? नव्या वस्तूला ‘पुरातन’ म्हणणेही त्याच पंगतीतले.

दुसरा मोह याहून घातक आहे. नड आली की घरातली जुनी धातूची जिनप्रतिमा किंवा हस्तलिखित पोथी विकायचा विचार मनात येतो. परदेशात तिला भाव येतो, हे खरे. परंतु १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा नाणे, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुने मोलाचे हस्तलिखित खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. देशातल्या देशातही पुरावशेषांचा व्यापार परवान्याविना करता येत नाही. कोणाच्या घरी अशी प्रतिमा असेल तर तिची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करून घ्यावी. पोथ्या सांभाळणे अशक्य झाले असेल तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासारख्या संस्थेकडे विचारणा करावी. तेथे जैन हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. आणि ज्या कुटुंबाला जुलै-ऑगस्टची नड भागवण्यासाठी देव्हाऱ्यातली मूर्ती काढावीशी वाटते, त्याने ती संगणकावर मांडण्याआधी आपल्या विश्वस्तांपैकी कोणाशी तरी एकदा बोलावे. त्यात संकोच नको.

जय जिनेन्द्र.